फोर पिस्टन राहू दे, आधी पॅड काढून बघ

या वेळचं पत्र साताऱ्याहून आलंय, माउंटन सायकलच्या ब्रेकबद्दल. नव्या वाचकांसाठी, रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती (१६०, १८०, २०३ हा तिचा एमएममधला व्यास) आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे तुकडे. थोडं कापलंय, भाषा त्याचीच.

"ताई, वय २७, वजन ८४ (खरं सांगायचं तर ८६). चार वर्षं जुनी २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) सायकल आहे, पुढे १०० एमएमचा साधा फोर्क, दोन्हीकडे केबलवाले डिस्क ब्रेक, १६० चे रोटर. शनिवारी यवतेश्वर चढून कासकडे, रविवारी जमलं तर ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे, तिथल्या कच्च्या रस्त्यांवर. गाडी जपतो, दर रविवारी धुतो, पुसतो, चेनला स्प्रे मारतो. तरी वर्षभर ब्रेक म्हणावे तसे लागतच नाहीत. घाट उतरताना लिव्हर पार हँडलला टेकते, बोटं आखडतात आणि पावसात असं किंचाळतं की पुढे चाललेली माणसं आपणहून बाजूला होतात. गेल्या महिन्यात वळणावर म्हैस आडवी आली, कसाबसा थांबलो. दुकानदार म्हणतो फोर पिस्टन हायड्रॉलिक आणि २०३ चे रोटर टाक, विषय संपव. बजेट ८ हजार, ताणून १०. टाकू का? — यवतेश्वरचा उतारभित्रा"

अरे उतारभित्र्या, म्हैस सुखरूप, तू सुखरूप, बाकीचं आपण बघू. फोर पिस्टन आणि २०३ टाकू नकोस. हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारे) घे, नक्की घे, पण या आठवड्यात नको, कारण तुझ्या पत्रात एक ओळ आहे ती वाचून मी कपाळाला हात लावला आणि ती ओळ निस्तरल्याशिवाय तू दहा हजारांचे ब्रेक लावलेस तरी दोन महिन्यांनी हेच पत्र परत येणार, फक्त किंचाळणं जरा महागातलं असेल.

"दर रविवारी धुतो, पुसतो, चेनला स्प्रे मारतो." ही ती ओळ.

चेन उजवीकडे, मागचा रोटर डावीकडे, मध्ये काय तर स्पोक. तो स्प्रेचा फवारा स्पोकपाशी थांबून परवानगी विचारत नाही, सरळ पलीकडे जातो. आणि ज्या फडक्याने चेन पुसलीस त्याच फडक्याने मग पुढचा रोटरही चकाचक केला असशील, हो की नाही? रोटरवर तेलाचा नुसता थर, डोळ्यांना दिसणारही नाही इतका, तो ब्रेक दाबला की पॅडमध्ये मुरतो. रेझिनचे पॅड स्पंजासारखे असतात, एकदा प्यायले की प्यायले. मग ब्रेक धरत नाही, थरथरतो, आणि ती थरथर म्हणजेच तुझी ती किंचाळी. पावसात चांगले ब्रेकसुद्धा थोडे ओरडतात, त्याचं काही नाही, पण कोरड्या दिवसात लागत नाहीत आणि पावसात ओरडतात असं दोन्ही असेल तर बहुतेक वेळा तेलच.

तर शनिवारी राईड बुडव. दोन्ही चाकं काढ, पॅड बाहेर काढ (पिन किंवा छोटा बोल्ट असतो, स्प्रिंग कुठे गेली ते बघून ठेव, ती उडते आणि फरशीवर कधीच सापडत नाही). पॅड उजेडात तिरका धरून बघ. बरा पॅड पाटीवर खडू घासल्यासारखा फिका, खरखरीत दिसतो. तेल प्यायलेला किंवा भाजून निघालेला काळपट आणि आरशासारखा चमकतो. जाडीही बघ, धातूच्या पट्टीवरचं मटेरियल अर्ध्या एमएमवर, म्हणजे साधारण नखाच्या जाडीवर आलं असेल तर पुढची चर्चाच नाही, कचऱ्यात. चार वर्षं आणि जांभ्याचा चिखल, मला तर वाटतं तू अर्धा वेळ पट्टीवरच ब्रेक मारतोयस. कास काय, चाळकेवाडी काय, सगळा जांभा, पावसात त्या लाल पाण्यातले बारीक कण रोटरला चिकटतात आणि पॅड सॅंडपेपरवर धरल्यासारखा झिजतो. एरवी वर्षभर पुरणारा रेझिन पॅड तिकडच्या एका पावसाळ्यात संपलेला मी बघितलाय.

नुसता चमकत असेल, तेल नसेल, तर सपाट फरशीवर सॅंडपेपर ठेवून पॅड हलक्या हाताने आठच्या आकड्यात घास, वरचा थर जातो. तेल असेल तर टाकून दे. गॅसवर भाजले की तेल जळतं असं तुला कोणीतरी सांगेलच. मीही केलेलं आहे. आईच्या पोळ्यांच्या तव्यावर. घरभर जळक्या टायरसारखा वास, तवा गेला तो गेला, आई दोन दिवस बोलली नाही, आणि पॅड? पहिल्या उतारावर मस्त, तिसऱ्यावर पुन्हा तेच. आतलं तेल गरम झालं की परत वर येतं. नवे पॅड तव्यापेक्षा स्वस्त पडतात एवढं सांगते.

रोटर मात्र वाचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतंच, कुठे मिळतं ते त्यांना विचार. कोरं, म्हणजे खरंच कोरं कापड घेऊन दोन्ही बाजू पूस, कापड काळं येईपर्यंत नाही, काळं यायचं थांबेपर्यंत. नंतर बोट लावायचं नाही, आपल्या हातालाही तेल असतं.

आता लिव्हर हँडलला टेकते त्याबद्दल. त्याचं कारण बहुतेक वेगळं आहे आणि हे फारसं कोणी समजावून सांगत नाही. स्वस्तातल्या केबल ब्रेकमध्ये दोनातला एकच पॅड हलतो, बाहेरचा. तो रोटरला ढकलतो, रोटर किंचित वाकतो आणि आतल्या, न हलणाऱ्या पॅडवर जाऊन टेकतो. पॅड झिजत गेले की हे अंतर वाढत जातं. हायड्रॉलिक हे अंतर आपोआप भरून काढतो, केबलवाला काढत नाही, ते तू काढायचं असतं. आणि आपण सगळे काय करतो, केबल ताणतो. केबल ताणली की कॅलिपरचा, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या भागाचा, तो छोटा हात आधीच अर्धा वर ओढलेला राहतो, पुढे जायला जागाच उरत नाही, आणि जोर कमी तो कमीच. बरोबर पद्धत अशी की केबल ढिली कर, हात पूर्ण खाली येऊ दे, मग आतल्या बाजूला, स्पोकच्या बाजूने, ॲलन कीचा स्क्रू किंवा गोल नॉब असतो तो फिरवून आतला पॅड रोटरच्या जवळ आण, जेमतेम एक व्हिजिटिंग कार्ड जाईल इतका. गरज पडली तर कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करून तो सरकव. सगळ्यात शेवटी केबल, तीही नुसती झोल जाण्यापुरती. चाक फिरवून बघ, किंचित कुसकुस चालेल, घासून अडायला नको.

केबलही बदल. चार पावसाळे झालेत, आत गंज धरलेला असणार, आतली आणि बाहेरची दोन्ही बदल. फक्त दुकानात गिअरची आऊटर घेऊन ब्रेकला लावू देऊ नकोस, बऱ्याच ठिकाणी जे हाताला येईल ते कापून लावतात. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीने उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला तर ती फुटू शकते. आणि ते फुटणार कधी, तर म्हशीपुढेच.

एवढं झालं की दोन-तीन राईड मार. काहीशे रुपयांचं काम आहे आणि मला पक्कं वाटतं की निम्मा प्रॉब्लेम इथेच जाईल. राहिलेल्या निम्म्यासाठी अपग्रेड.

आता दुकानदाराचं म्हणणं. तो फसवतोय असं मी म्हणत नाही, डाऊनहिलच्या गाडीला त्याचा सल्ला अगदी बरोबर आहे. फोर पिस्टन म्हणजे पॅड ढकलायला दोनाऐवजी चार दट्टे, मोठे पॅड, जास्त जोर, जास्त उष्णता पेलायची ताकद, ते लांबच लांब उभ्या उतारावर जाड टायर आणि जाड फोर्कच्या गाडीला शोभतं. तुझी क्रॉस-कंट्री आहे, कच्च्या वाटांवर चढायचीही आणि उतरायचीही. क्रॉस-कंट्री १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि तिथे खडकांवरून उड्या मारत उतरणाऱ्या त्या लोकांच्या गाड्यांवरही बहुतेक दोन पिस्टन आणि १६० नाहीतर १८० चेच रोटर दिसतील, कारण या गाडीत थांबवायची मर्यादा ब्रेकची नसतेच, टायरची असते. जांभ्याच्या त्या सुट्या खड्यांवर, म्हणजे गोट्या सांडल्यासारख्या रस्त्यावर, तू बेसिक हायड्रॉलिकनेही चाक लॉक करशील. लॉक झालेल्या चाकाला आणखी दोन पिस्टन काय कामाचे?

आणि २०३ चा विषय तर फोर्कपाशीच संपतो. प्रत्येक फोर्कला आणि फ्रेमला रोटरची एक कमाल मर्यादा दिलेली असते. रोटर जितका मोठा तितका ब्रेक दाबल्यावर फोर्कच्या पायाला पीळ जास्त. १०० एमएमच्या साध्या फोर्कवर २०३ लावून घाट उतरणं म्हणजे काडीवर नांगर. तुझ्या फोर्कचं मॉडेल शोध, त्याच्या माहितीपत्रकात कमाल रोटर किती ते बघ. १८० चालत असेल तर पुढे १८० लाव, मागे १६० च राहू दे. १६० वरून १८० म्हणजे तेवढ्याच बोटाच्या जोरात साडेबारा टक्के जास्त पकड, शिवाय तापायला धातूही जास्त. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं, मागे मोठा रोटर लावून नुसतं घसरणं वाढतं.

उष्णतेचं गंमत म्हणून सांगते. तू, गाडी, पाणी, सॅक धरून १०० किलो म्हणू (८६ च आहेस ना शेवटी). घाटात ३०० मीटर खाली आलास तर जवळजवळ ३०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही वाऱ्यात जाते, पण रांगत रांगत ब्रेक धरून उतरलास तर बरीचशी त्या दोन पातळ चकत्यांमध्ये. तेवढ्या उष्णतेत पाऊण लिटरच्या वर थंड पाणी उकळतं, म्हणजे कासच्या टपरीवरचा पाच-सहा जणांचा चहा तू घाटभर रोटरवर करत येतोयस. म्हणून खाली आल्यावर रोटरला हात लावायचा नाही आणि गरम रोटरवर बाटलीतलं पाणी ओतायचं नाही, वाकू शकतो.

बरं, घ्यायचं काय. साधा दोन पिस्टनचा, मिनरल ऑइलवाला हायड्रॉलिक सेट. शिमानोचा एमटी२०० किंवा टेक्ट्रोचा एम२७५ या घरातलं काहीही. तुझ्या आठ हजारांत पुढचा-मागचा सेट आणि पुढचा मोठा रोटर बसवता यायला हवा, फक्त दोन-तीन दुकानांत विचार. शिमानोचाच डिओर सरस आहे, लिव्हर छोटी आणि हाताला गोड लागते, पण तुझ्या फोर्क-टायरवर त्या फरकाचे पैसे वसूल होणार नाहीत. त्यापेक्षा उरलेल्या पैशात पुढचा टायर चांगला घे. खरंच सांगते, ब्रेकचं सगळ्यात मोठं अपग्रेड टायर असतं, पण टायर दाखवून कोणी भाव खात नाही म्हणून त्याबद्दल पत्रं येत नाहीत.

ऑर्डर देण्याआधी काही गोष्टी बघ, नाहीतर बॉक्स उघडल्यावर डोकं धरून बसशील. सगळ्यात आधी तुझा गिअर शिफ्टर. चार वर्षांपूर्वीच्या बऱ्याच बेसिक गाड्यांवर शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच तुकड्यात येतात. तसं असेल तर ब्रेक बदलताना शिफ्टरही वेगळे घ्यावे लागतील, आणि हा खर्च कोणी आधी सांगत नाही. दुसरं, आपल्याकडे मोटरसायकलसारखा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण ऑनलाइन येणारे कितीतरी सेट अमेरिकेच्या पद्धतीचे, पुढचा डावीकडे. होज, म्हणजे ऑइलच्या नळ्या, आधीच जोडून, ऑइल भरून येतात, पुढची आखूड, मागची लांब, त्यामुळे नुसत्या लिव्हर इकडच्या तिकडे करता येत नाहीत. उजवी लिव्हर पुढच्या कॅलिपरला जोडलेली आहे हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ऐन म्हशीच्या वेळी हात सवयीने दाबतो, डोक्याला विचारत नाही.

आणि हब (चाकाचा मधला भाग, रोटर त्यावर बसतो) सहा बोल्टवाला की सेंटरलॉक, म्हणजे मध्ये एकच रिंग, ते बघ (बहुतेक सहा बोल्टवाला असेल), १८० साठी लागणारा ॲडॅप्टर फोर्कच्या माऊंटप्रमाणे माग. पॅडबद्दल, रोटरवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाच. स्वस्तातल्या रोटरवर सहसा "रेझिन पॅड ओन्ली" असतं, त्यावर मेटलचे पॅड लावले तर रोटर खाल्ला जातो. तुझा पावसाळा बघता मी पुढे मेटल चालणारा रोटर घ्यायला सांगेन. मेटलचे पॅड चिखलात कितीतरी टिकतात, तापले तरी ढिले पडत नाहीत. आवाज थोडा जास्त, थंड असताना पहिला चावा जरा कमी, पण पाऊस संपेपर्यंत टिकतात हे महत्त्वाचं. रोटरही अमर नसतो बरं का, शिमानोचा नवीन १.८ एमएम असतो, १.५ ला आला की बदलायचा.

बसवणं तू स्वतः करू शकतोस. रोटरचे बोल्ट टी२५ ने (चांदणीच्या आकाराची की), एकेक गोल गोल न आवळता समोरासमोरचे, कॅलिपरचे बोल्ट शिमानोचे ६ ते ८ न्यूटन मीटर. कॅलिपर मध्यात आणायला बोल्ट ढिले ठेवून लिव्हर घट्ट धरायची आणि तसंच धरून थोडे थोडे आवळायचे. होज लांब झाली तर कापणं आणि ब्लीड (आतली हवा काढणं) हे मात्र पहिल्या वेळी ज्याला येतं त्याच्याकडून करून घे, कापली की आतली ऑलिव्ह (होज घट्ट धरणारी छोटी रिंग) आणि पिन नवीन लागते. तो काम करताना शेजारी स्टूल टाकून बस, पुढच्या वेळी तुला येईल.

ऑइलबद्दल मात्र राखण करायला बस. माझ्या पहिल्या हायड्रॉलिकला मी ऐन राईडच्या आदल्या दिवशी मोटरसायकलच्या गॅरेजात नेलं होतं, त्या भल्या माणसाने "ब्रेक ऑइलच ना" म्हणत डॉट फोर भरून दिलं. त्या दिवशी मस्त. आठवड्याने लिव्हर दाबली की परत यायला आळस करायला लागली, मग यायचीच बंद झाली, चाक अर्धवट जाम. मिनरल ऑइलच्या ब्रेकमधले सील डॉटमध्ये फुगतात, लिव्हर कॅलिपर दोन्ही गेले. चूक त्याची अर्धी, माझी अर्धी, मी समोर चहा पीत बसले होते. काही कंपन्यांचे ब्रेक डॉटवरच चालतात, त्यात मिनरल घालणं तितकंच वाईट, तेव्हा लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय तेच घालायचं. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन चालेल का हेही दर महिन्याला कोणीतरी विचारतं. ते पोटासाठी आहे.

नवीन पॅड-रोटर पहिल्या दिवशी लागणार नाहीत, घाबरू नकोस आणि मला फोनही करू नकोस. सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घे, एकच ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगापर्यंत ये, पूर्ण थांबू नकोस, चाक लॉक करू नकोस. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. असं पुढचा वीस वेळा, मागचा वीस वेळा. पॅडचा एक सारखा थर रोटरवर बसतो आणि बाराव्या-पंधराव्या वेळेला तुला बोटातच कळतं की आता चावायला लागला. हे न करता सरळ यवतेश्वर उतरलास तर पॅड वरून भाजतील, आणि परत तोच आरसा.

हायड्रॉलिकच्या दोन सवयी. चाक काढल्यावर लिव्हर दाबायची नाही, पिस्टन बाहेर येतात, पॅडमध्ये जाड पुठ्ठा घालून ठेव. आणि पंक्चर काढायला आपण गाडी उलटी करतो ना, तशी केली तर सरळ केल्यावर निघण्याआधी लिव्हर दहा-बारा वेळा दाबून बघ, लिव्हरमधल्या ऑइलच्या टाकीतली थोडी हवा खाली लाइनमध्ये गेलेली असू शकते. पहिल्या वळणावर कळण्यापेक्षा उभ्या उभ्या कळलेलं बरं.

बोटं आखडतात त्याला ब्रेकइतकीच तुझी पद्धत कारण आहे असा माझा संशय आहे. लिव्हर ग्रिपला चिकटून लावलेली असेल, ती आत सरकव, इतकी की पहिलं बोट लिव्हरच्या टोकाच्या वाकड्या भागावर पडेल. टोकाला जोर कमी लागतो, आजीच्या अडकित्त्यासारखं. केबलवाल्यात एक बोट पुरणार नाही, दोन वापर, हायड्रॉलिक आले की एकच. आणि घाटभर ब्रेक किंचित धरून ठेवू नकोस. सरळ पट्ट्यात सोड, वळणाआधी दोन्ही जोरात, वळणात शिरलास की परत सोड. मधल्या त्या सोडलेल्या वेळात रोटर थंड होतो आणि तुझी बोटंही. पहिल्यांदा भीती वाटेल कारण वेग वाढतो, म्हणून आधी यवतेश्वरचा खालचा टप्पाच दोन-तीनदा कर, पहाटे, पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत. सप्टेंबरात तर कासच्या फुलांसाठी इतक्या गाड्या येतात की शनिवारी तिकडे फिरकूच नकोस, चाळकेवाडीलाच जा.

तर पॅड काढलेस की दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, शिफ्टरचा एक आणि फोर्कवर मॉडेलचं नाव जिथे लिहिलंय तिथला एक, मग कुठला ॲडॅप्टर मागायचा ते सांगते. चेनला यापुढे बाटलीतलं तेल, एकेका कडीवर एकेक थेंब, जास्तीचं वेगळ्या फडक्याने पुसून. तो स्प्रे फेकायची गरज नाही, घरात कुठलंतरी दार करकरत असेलच.